बरणीवरची वेल

सुटीत उमरीस आलेल्या नातीने आमच्या मुखवासाच्या जुन्या काचेच्या बरणीवर पॉलिमर क्लेची मोगऱ्याची वेल चढविली. नावात क्ले असली तरी ही माती नव्हे; पीव्हीसी आणि त्यास मऊ ठेवणारे द्रव्य यांचा तो लगदा. हवेत तो वाळत नाही. साधारण 110 ते 130 अंश सेल्सिअस उष्णतेत भाजावा लागतो. काच, पितळ, स्टील ही आच सोसतात. प्लास्टिकचा डबा बहुधा वाकतो.

वेल सुरेख साधली, पण भाजायची कोठे? ज्या ओव्हनमध्ये नानकटाई होते त्यात ती ठेवण्यास सौभाग्यवतींनी ठाम नकार दिला. मला तो सोवळ्याचा हट्ट वाटला. परंतु आच प्रमाणाबाहेर गेली तर पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइडचा दाहक वायू सुटतो, हे कळल्यावर मी निमूटपणे माळ्यावरचा जुना ओव्हन उतरविला. तो आता याच कामाचा. बरणीचा काठ दोन बोटे कोरा सोडला, आतून तर काहीच नाही. कारण या लगद्याचा अन्नाशी स्पर्श नको.

आता नातीची दृष्टी मंदिरात अक्षता नेण्याच्या पितळी डबीवर आहे. आजीने ती कपाटात कुलूपबंद केली आहे.