उपवासाचे गुण किती?



गेल्या दशलक्षण पर्वातली गोष्ट. आम्ही राहतो माणला, हिंजवडीच्या आयटी पार्कला लागून. पर्वाचे दहा दिवस सून एकाशन करते. सकाळी लवकर उठून मी तिचं सोवळ्यातलं जेवण करते, दहाच्या आत ती जेवते आणि कामावर जाते. त्या आठवड्यात तिच्या कंपनीत आरोग्य शिबिर होतं. वजन, रक्तदाब झाला आणि मग मोबाईलवर एक प्रश्नावली भरायला दिली. संध्याकाळी घरी आल्यावर चप्पल काढता काढताच ती म्हणाली, "आई, मला म्हणे खाण्याचा मानसिक आजार असू शकतो. तज्ज्ञांना भेटा असं आलंय."

सासूबाईंनी हातातली माळ थांबवली. "मग आपलं सगळं घराणंच आजारी म्हण की!"

आम्ही तिघी हसलो. मग मी ते प्रश्न वाचायला घेतले. भूक लागली असताना खाणं टाळता का? गोड पदार्थ टाळता का? खाण्यावर ताबा ठेवता का? पोट रिकामं असलेलं बरं वाटतं का? मला तर पाठशाळेत पाठ केलेली बाह्य तपंच आठवली. अनशन, अवमौदर्य, रसपरित्याग. ज्याला आपण संयम म्हणतो, त्याचे इथे एकेक करून आजाराकडे गुण पडत होते. "हे तुम्ही कशासाठी करता?" हा प्रश्न मात्र त्या यादीत कुठेच नव्हता.

माझी भाची मानसशास्त्रात एम.ए. करते. तिला फोन केला. ती म्हणाली, मावशी, असे प्रश्न ज्या प्रसिद्ध चाचणीत आहेत ती डेव्हिड गार्नर आणि पॉल गारफिंकेल यांनी १९७९ साली कॅनडातल्या टोरांटोत तयार केली. मुली स्वतःला उपाशी ठेवून हाडांचा सापळा होतात, तो आजार ओळखण्यासाठी. १९८२ साली ती छोटी करून सव्वीस प्रश्नांची केली. वीस किंवा त्याहून जास्त गुण पडले तर पुढे तपासणी करावी, असा नियम. म्हणजे वीसच्या वर गेलं की आजार झालाच असं नव्हे. पण हे बारीक अक्षर मोबाईलवर कोण वाचतो?

पुढे तिने जे सांगितलं ते ऐकून मी सरसावून बसले. मायकेल किंग आणि दिनेश भुग्रा या दोन मनोविकारतज्ज्ञांनी हीच चाचणी उत्तर भारतातल्या एका गावातल्या शाळकरी मुलींना दिली. भुग्रा हे आपल्या पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. १९८९ साली त्यांनी निष्कर्ष छापले. तब्बल २९ टक्के मुली धोक्याच्या रेषेवर गेल्या होत्या! पण उत्तरं नीट पाहिली तेव्हा कळलं की काही प्रश्न मुलींना वेगळेच समजले होते, आणि काहींच्या उत्तरांत घरातले रीतिरिवाज आणि उपासतापास उतरले होते. शहाणपण असं की त्यांनी मुलींना आजारी ठरवलं नाही, चाचणीलाच प्रश्न विचारला. याला आता पस्तीस वर्षं उलटून गेली, तरी माझ्या सुनेला कुणी विचारलं नाही की बाई, सध्या तुमचं पर्व चालू आहे का?

ही चूक एका चाचणीपुरती नाही. जेफ्री आर्नेट या अमेरिकन अभ्यासकाने २००८ साली तिथल्या मानसशास्त्राच्या सहा मोठ्या नियतकालिकांतले लेख तपासले. ज्यांच्यावर संशोधन झालं त्यांतले ९६ टक्के लोक पाश्चात्त्य, श्रीमंत देशांतले निघाले. जगाची जेमतेम १२ टक्के वस्ती तिथे राहते. उरलेल्या आपण सगळ्या गृहीत.

त्यात पुन्हा बाईमाणसाचं वेगळंच. लॉरेन्स कोलबर्ग यांनी माणसाची नैतिक समज पायरीपायरीने कशी वाढते हे मांडलं. त्यासाठी १९५०च्या दशकात शिकागोत ज्यांचा अभ्यास केला ते सगळे मुलगे होते. पुढे त्याच पायऱ्यांवर बायकांना उभं केलं तर नात्यांचा, कुणाला लागेल-दुखेल याचा विचार करणाऱ्या बायका खालच्या पायरीवर दिसू लागल्या. त्यांच्याच सहकारी कॅरोल गिलिगन यांनी १९८२ साली पुस्तक लिहून सांगितलं की बायकांची समज कमी नाही, तुमची पट्टीच मुलग्यांच्या मापाची आहे. मला गंमत वाटली. नीतीची पट्टी मुलग्यांवरून बनवली आणि खाण्याच्या आजाराची मुख्यतः मुलींवरून.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, बघा, आम्ही सांगतच होतो, या परदेशी शास्त्राला आपलं काही कळत नाही. मीही त्या रात्री तेच म्हणत झोपले. पण झोप लागली नाही, कारण मला माझी चुलत बहीण आठवली.

सांगलीकडच्या आमच्या गावातली ही गोष्ट, तीसेक वर्षांपूर्वीची. ताई कॉलेजात होती. पाहायला आलेल्या एका घरच्यांनी निरोप पाठवला, मुलगी अंगाने जरा जास्त आहे. त्या वर्षी ताईने दशलक्षणात दहाही दिवस एकाशन केलं, तेही तूप, दूध, साखर सोडून. अनंत चतुर्दशी झाली, पारणं झालं, पण ताईचं एकाशन काही संपेना. मग अष्टमी-चतुर्दशीला निर्जल उपवास सुरू झाले. मंदिरात बायका म्हणायच्या, एवढ्याशा वयात काय हे तप! तिचा सत्कार झाला. मी तिच्याकडे बघून मनात खट्टू व्हायचे, आपल्याला एक उपवास झेपत नाही म्हणून.

तिचे केस गळत होते. पाळी थांबली होती. डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून टॉनिक दिलं. घरात कुणाला दुसरी शंकाच आली नाही. शेवटी आजीने तिला परसात एकटीला गाठलं आणि एवढंच विचारलं, "हे कशासाठी गं करतेस?" ताई आजीच्या मांडीवर डोकं ठेवून इतकी रडली की आम्ही सगळ्या धावत बाहेर आलो. त्या चाचणीने ताईला कदाचित बरोबर ओळखलं असतं. आम्ही मात्र तिला हार घातला.

म्हणून माझं मत असं झालंय. ती चाचणी आपल्या उपवासाला आजार समजते, आणि आपण आजाराला उपवास समजतो. दोघांची चूक एकच आहे. दोघंही ताट बघतात, मन विचारत नाहीत.

खरं तर आपल्याकडे हा प्रश्न फार जुना आहे. व्रती निःशल्य असावा असं आपल्याला शिकवलं आहे. माया, मिथ्यात्व आणि निदान ही तीन शल्यं. तपाच्या बदल्यात संसारातलं काही मिळावं ही इच्छा म्हणजे निदान. बारीक दिसावं, पसंत पडावं, लोकांनी वाहवा करावी म्हणून केलेलं एकाशन त्यात बसत नाही का? आपल्या शास्त्रात कसोटी होती. ती लावायची आठवण फक्त आजीला राहिली.

आणि संशोधन सगळंच परकं असतं असंही नाही. आपल्या पुण्यात बापू ट्रस्ट उभारणाऱ्या भार्गवी दावर यांनी १९९९ साली भारतीय स्त्रियांच्या मानसिक आरोग्यावर पुस्तक लिहिलं. बायकांची रोजची उदासी आणि काळजी घराच्या आणि समाजाच्या जाचाशी जोडून पाहा, असा त्यांचा आग्रह होता. गोव्यात विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळंतिणींच्या उदासीचा अभ्यास केला, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी गरिबीबद्दल विचारलं, नवऱ्याच्या मारहाणीबद्दल विचारलं, आणि बाळ मुलगा की मुलगी हेही पाहिलं. मुलगी झाल्याचा भार आईच्या मनावर पडतो हे त्यातून पुढे आलं. हे प्रश्न टोरांटोत कुणाला सुचले नसते. आपल्याकडची बाई ओळखणाऱ्यालाच ते सुचतात.

तेव्हा मैत्रिणींनो, माझ्या दोन विनंत्या आहेत.

पहिली, कुणी प्रश्नावली घेऊन आलं तर तोंड फिरवू नका. कॉलेजच्या मुली पुष्कळदा येतात आणि आपण "आम्हाला वेळ नाही" म्हणून दार लावतो. मग आपल्याशिवायच आपली मापं ठरतात. उत्तर द्या, खरं द्या, उत्तम आर्जव म्हणतात ते हेच. प्रश्न आपल्याला लागू पडत नसेल तर तसंही स्पष्ट सांगा. माझ्या सुनेने शिबिरवाल्यांना कळवलं की धार्मिक उपवास करता का, असा एक प्रश्न घाला. घालतील न घालतील, पण तिने सांगितलं.

दुसरी विनंती घरातली. मुलगी उपवास धरते म्हणाली की कौतुकाआधी तिला बाजूला घेऊन आजीचा प्रश्न विचारा. चारचौघींत नको, तिथे ती खरं बोलणार नाही. पारणं होऊनही तिचं जेवण सुरू होत नसेल, ती रोज वजनकाट्यावर चढत असेल, सगळ्यांबरोबर बसून खायचं टाळत असेल, पाळी चुकत असेल, तर त्याला तप म्हणू नका. डॉक्टरकडे न्या, मनाच्या डॉक्टरकडेही न्या, आणि घरातल्या रीती त्यांना मोकळेपणाने सांगा. सरकारची टेलिमानस ही फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

ताई आता आजी झाली आहे. गेल्या पर्वात तिने एकच उपवास केला, उत्तम तपाच्या दिवशी. मी फोनवर विचारलं, एकच का? म्हणाली, "यंदा एवढाच मनापासून होणार होता."

तुमच्या घरी असं कुणी होतं का? मला जरूर लिहा.

उत्तम क्षमा.