गांजाचा पंचनामा आणि ओल्या झाडाचं वजन

शेतकरी बंधूंनो, तुरीच्या आड गांजा लावणाऱ्याची वकिली मला करायची नाही. पण झाडं उपटून मुळं, माती, खोडासकट ओलीच काट्यावर टाकली, तर ते सगळं वजन गांजाचं कसं? १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यानुसार गांजा म्हणजे फुलोऱ्याचे किंवा फळ धरलेले शेंडे. शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बी त्यात धरत नाहीत. आणि गांजा २० किलोच्या वर गेला, की शिक्षा किमान १० वर्षं!

पंच मंडळी मात्र जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून, न वाचताच सही करून मोकळी होतात. शेंडे वेगळे तोलले का, गट नंबर बरोबर आहे का, एवढं तरी बघा. ७/१२ वर चार भावांची नावं असतील, तर प्रत्यक्ष कसत कोण होतं, हे तलाठ्यांनी स्पष्ट लिहावं.

शिक्षा झालीच, तर पुरावा अपुरा असल्याच्या मुद्द्यावर उच्च न्यायालयात अपील करता येतं. नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर काढले होते का, हेही वकिलांना विचारा. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली ते बजावलं आहे. तुरुंगातल्या माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. मुदत ६० दिवसांची, तेव्हा निकालाच्या नकलेचा अर्ज त्याच दिवशी टाका.