रक्तदाबाची गोळी बंद केली, तर हृदयात काय घडते?

उच्च रक्तदाब आणि मधुमेहाच्या साडेसात कोटी रुग्णांना २०२५ पर्यंत प्रमाणित उपचारांखाली आणण्याचे उद्दिष्ट केंद्र सरकारने मे २०२३ मध्ये जाहीर केले. अशा मोहिमेत नोंदणीचा आकडा लवकर वाढतो. पेण-रोह्यासारख्या तालुक्यांत खरा प्रश्न त्यापुढचा आहे. नोंद झालेल्यांपैकी किती जण वर्षभराने गोळी घेत असतात?

डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, मग गोळी कशाला, असा हिशेब अनेक घरांत होतो. गणपतीच्या हंगामात पेणच्या मूर्ती कार्यशाळांत रात्री जागून काम चालते. रोह्याजवळ धाटावच्या कारखान्यांत पाळ्या बदलतात. ओपीडीची वेळ आणि मजुरीची वेळ एकच आली की आधी सुटते ती गोळी.

मात्र रक्तदाब वाढला की हृदयाच्या पेशींत उलथापालथ सुरू होते. प्रौढ वयात हृदयाच्या स्नायूपेशी जवळजवळ विभागत नाहीत. त्यामुळे भार वाढल्यावर पेशींची संख्या न वाढता एकेक पेशी जाड होते. त्यासाठीचा निरोप रसायनांच्या साखळीतून जातो. अँजिओटेन्सिन-२ हे संप्रेरक पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीला चिकटते, पेशीतले कॅल्शियम वाढते आणि कॅल्सिन्यूरिन हे विकर जागे होते. ते ‘एनफॅट’ या प्रथिनाला मोकळे करते. हे प्रथिन पेशीकेंद्रकात शिरून वाढीची जनुके चालू करते. कॅल्सिन्यूरिनची ही भूमिका अमेरिकी संशोधकांनी १९९८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवली.

हृदयाची प्रत्येक वाढ आजार नसते. नियमित धावणाऱ्याचे हृदयही वाढते, पण तिथे निरोप वेगळ्या वाटेने येतो आणि रक्तपुरवठाही सोबत वाढतो. रक्तदाबाने जाड झालेल्या हृदयात तंतू साचतात, भिंत ताठर होते. जिना चढताना धाप लागू लागते, तोवर बरीच वर्षे निघून गेलेली असतात.

टेल्मिसार्टन, लोसार्टन यांसारख्या गोळ्या अँजिओटेन्सिनला नेमक्या याच ग्राहीवर बसू देत नाहीत. हृदय जाड झालेल्या नऊ हजारांहून अधिक रुग्णांवरील ‘लाइफ’ चाचणीचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. लोसार्टन आणि अटेनोलॉल या दोन्ही गोळ्यांनी रक्तदाब जवळपास सारखाच उतरला, पण लोसार्टनच्या गटात हृदयाची जाडी अधिक कमी झाली आणि पक्षाघातही कमी झाले. म्हणजे झालेली वाढ काही प्रमाणात मागे फिरते. मात्र त्यासाठी गोळी रोज पोटात जावी लागते.

यासाठीची व्यवस्था राज्याला नवी नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय रक्तदाब नियंत्रण उपक्रमात पहिल्या टप्प्यात भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे होते. ठरावीक औषधे, त्यांचा अखंड साठा, घराजवळ गोळ्या आणि न आलेल्या रुग्णाचा पाठपुरावा, हा त्याचा गाभा. पेण-रोह्यात याला संध्याकाळच्या ओपीडीची आणि हंगामापूर्वी दोन महिन्यांच्या गोळ्या देण्याची जोड हवी.

घरच्यांच्या हातीही काही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभरात मीठ पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका चमच्याहून कमी असावे. पापड, लोणचे आणि खारवलेली सुकी मासळी यांतले मीठही त्यातच धरायचे. रक्तदाब नॉर्मल आला, तर तो बहुधा गोळीमुळेच आलेला असतो. ती कमी करायची की थांबवायची, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.