लाइफर तुमचा, समुद्र कुणाचा?

मार्च लागला की पक्षीनिरीक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. पेलॅजिक ट्रिप, मोजक्याच जागा, पहाटे पाचला बंदरावर हजर राहा, उलटीची गोळी आदल्या रात्री घ्या. खाली संभाव्य पक्ष्यांची यादी, तिच्यासमोर डोळे चमकणारे इमोजी. मी या ट्रिपांना जाते. किनारा दिसेनासा झाल्यावर पोटात जो गोळा येतो तोही मला आवडतो. त्यामुळे पुढे जे लिहिलंय ते बाहेरून मारलेले टोमणे समजू नका. हे घरातलं भांडण आहे.

भांडण असं की आपण समुद्रात पक्षी बघायला जातो आणि समुद्र सोडून बाकी सगळं बघून येतो. आणि ज्या माणसाच्या होडीतून जातो, त्याला आपण ड्रायव्हर समजतो.

आधी बघायला काय मिळतं ते सांगते, कारण ते खरंच अचाट आहे. चैत्र-वैशाखात अरबी समुद्र म्हणजे एक भलं मोठं जंक्शन असतं. चिमणीहून जरा मोठा रेड-नेक्ड फॅलरोप हिवाळाभर उघड्या समुद्रावर तरंगत काढतो. पाण्यात भिंगरीसारखा गोल फिरून खालचं खाद्य वर आणतो. आता त्याला आर्क्टिकच्या बाजूला परतायचं असतं. तिथे अंडी उबवण्याचं काम नर करतो. उलट दिशेने, थेट अंटार्क्टिकाकडून, विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल येतो. जेमतेम तीस-चाळीस ग्रॅमचा जीव, लाटेवर पाय आपटत चालल्यासारखा उडतो. स्कुआ उत्तरेकडे निघालेले असतात. वाटेत सुरय पक्ष्यांच्या मागे लागून, त्यांना दमवून, त्यांच्या चोचीतला मासा पाडून खातात. ब्रायडल्ड टर्न तरंगत्या ओंडक्यावर नाहीतर थर्माकोलच्या तुकड्यावर बसलेला सापडतो. कपाळाचा पांढरा पट्टा डोळ्याच्या मागेपर्यंत भुवईसारखा गेलेला असतो.

एवढं सगळं दोन महिन्यांच्या खिडकीत. नंतर वारं फिरतं, जूनमध्ये मासेमारीबंदी लागते, होड्या वर ओढल्या जातात. तेव्हा या ट्रिपा भरतात यात नवल नाही. त्या कशा भरतात, यावर माझा आक्षेप आहे.

एका ट्रिपमध्ये आम्ही तेराजण होतो. दहा कॅमेरे, त्यातले चार तांडेलाच्या होडीच्या इंजिनापेक्षा महाग असावेत. दोन तास काहीच दिसलं नाही. आयोजक फोनवरचा नकाशा बघून 'अजून आत, अजून आत' म्हणत होते. तांडेलकाका गप्प सुकाणू धरून होते. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्यांनी हनुवटीने डावीकडे खूण केली. मला दुर्बिणीतून फक्त चार ठिपके दिसले. 'खाली कुपो आसा म्हणान फिरतत ते, बाय,' ते म्हणाले. कुपा म्हणजे टूना. टूना खालून छोट्या माशांना रेटतो, ते पृष्ठभागावर उसळतात आणि वर पक्षी जमतात. होडी तिकडे वळवली तेव्हा सुरयांचा थवा आणि त्यांच्या मागे लागलेले दोन स्कुआ मिळाले. होडीत जल्लोष झाला. संध्याकाळी ई-बर्डवर यादी चढली. निरीक्षकांमध्ये तेरा नावं होती. चौदावं नव्हतं.

याला कुणी क्षुल्लक म्हणेल. मला नाही वाटत. स्कुआ दुसऱ्याने पकडलेला मासा खातो, निदान त्यावर स्वतःचं नाव तरी लिहीत नाही.

'पण तांडेलाला जात ओळखता येत नाही ना!' हे उत्तर मी अनेकदा ऐकलंय. बरोबर आहे. पोमरिन स्कुआ की पॅरासिटिक, हे त्यांना सांगता येत नाही. लांबून तुम्हा-आम्हालाही येत नाही, आपण फोटो झूम करून रात्रभर वाद घालतो. पण पक्षी तिथे का आहे, पाण्याचा रंग कुठे बदलला, मतलई वारा किती वाजता पडणार, गेल्या दहा वर्षांत कुठल्या महिन्यात काय दिसेनासं झालं, हे त्यांना माहीत आहे. आपण वर्षातून एक दिवस जातो. ते बंदीचा काळ सोडून जवळजवळ रोज. निरीक्षणाच्या तासांवर पैज लावायची तर आपण पहिल्या फेरीत बाद होऊ.

आणि समुद्रपक्ष्यांना समुद्र नकाशावरून कळत नाही. १९९५ साली गॅब्रिएल नेविट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं की अंटार्क्टिकाजवळचे काही पेट्रेल डायमिथाइल सल्फाइड या वायूच्या वासावर खाद्य शोधतात. सूक्ष्म वनस्पतींना प्राणीप्लवक खातात तेव्हा तो वास सुटतो. म्हणजे सपाट दिसणाऱ्या पाण्यात पक्ष्याला वासाचे डोंगर आणि दऱ्या जाणवतात. पुढे २०१६ च्या एका अभ्यासात हेही दिसलं की समुद्रात राहिलेल्या प्लॅस्टिकलाही तोच वास चढतो. पक्ष्याला जेवणाचा वास येतो आणि पोटात बाटलीचं झाकण जातं. ज्या पाण्यात आपण मासळीचं तेल ओतून पेट्रेलना जवळ बोलावतो, त्याच पाण्यात ही फसवणूक चोवीस तास चालू आहे. ट्रिपच्या अहवालात तिच्यावर एक ओळ तरी असते का? नसते. कारण तिला टिकमार्क नाही.

दुसरं उत्तर जास्त तिखट असतं: 'अहो, प्लॅस्टिक आणि तुटकी जाळी समुद्रात टाकतं कोण? मच्छीमारच ना?' तुटकी जाळी मच्छीमारांचीच असतात, खरं आहे. (झाकणं मात्र तुमच्या-माझ्या घरातून नाल्यावाटे आलेली असतात.) पण म्हणूनच तर त्यांच्याशी बोलायला हवं. जगात समुद्रपक्षी वाचले तिथे मच्छीमारांना वगळून वाचलेले नाहीत. लांब दोरीच्या गळांना अडकून अल्बट्रॉस बुडून मरत होते. त्यावरचा सर्वांत साधा उपाय म्हणजे होडीमागे फडफडणाऱ्या पट्ट्यांची दोरी. तिचं नाव टोरी लाइन. टोरी म्हणजे जपानीत पक्षी. ही युक्ती जपानी टूना-मच्छीमारांची. २००६ पासून 'अल्बट्रॉस टास्क फोर्स'ची माणसं वेगवेगळ्या देशांत मच्छीमारी बोटींवर जाऊन, खलाशांबरोबर राहून असेच उपाय रुजवत आली आहेत.

इतकं लांबही जायला नको. महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून योजना आहे: संरक्षित सागरी प्राणी जाळ्यात अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर फाटक्या जाळ्यासाठी पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई. पुरावा म्हणून तो फोटो किंवा व्हिडिओ पाठवतो. म्हणजे ज्याला आपण ड्रायव्हर समजतो तो कासवं आणि देवमाशांची नोंद फोनवर करतोच आहे. पक्ष्यांची का करणार नाही? कुणी विचारलंय त्याला?

आता ज्या विषयावर ग्रुपमध्ये 'नो पॉलिटिक्स प्लीज' येतं, तो विषय. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, जगभरात ज्या समुद्रपक्ष्यांवर लक्ष ठेवलं गेलं त्यांची संख्या १९५० ते २०१० या काळात सुमारे ७० टक्क्यांनी घटली. त्यामागच्या कारणांत अतिरेकी मासेमारी ठळक आहे. सुरय पाणबुडा नाही. त्याची झेप पृष्ठभागापुरती. खालून मोठा मासा रेटणारा नसेल किंवा रेटला जाणारा छोटा मासाच नसेल, तर वर उडणाऱ्याच्या नशिबी नुसतं पाणी. पर्ससीन जाळं अख्खा थवा वेढून उचलतं. प्रखर दिव्यांनी मासळी गोळा करणाऱ्या एलईडी मासेमारीवर केंद्र सरकारने २०१७ साली बंदी घातली, तरी तिच्याविरुद्ध पारंपरिक मच्छीमारांची आंदोलनं थांबलेली नाहीत. गोव्यात रापणकार १९७० च्या दशकापासून यांत्रिक मासेमारीशी झगडत आले. किनाऱ्याजवळचं पाणी लहान मच्छीमाराला राहावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

रापणकाराची रिकामी जाळी आणि सुरयाची रिकामी चोच, दोन्ही एकाच हिशेबातली तूट आहे. तरी आंदोलन बंदरावर येतं तेव्हा आपण त्याला 'स्थानिक वाद' म्हणतो आणि ट्रिप पुढच्या रविवारी ढकलतो. पक्ष्यावर प्रेम करायचं आणि त्याच्या ताटावर बोलायचं नाही, ही तटस्थता नव्हे. ही सोय आहे.

वेंगुर्ला रॉक्सचं उदाहरण घ्या. दीपगृहाच्या सोबतीने समुद्रात उभे असलेले हे खडक. हुमायून अब्दुलअली यांनी बीएनएचएसच्या जर्नलमध्ये १९४२ साली इथल्या टर्न आणि पाकोळ्यांवर लिहिलं. ब्रायडल्ड टर्न अशा खडकांच्या कपारीत एकच अंडं घालतो. एकच. त्याच्या डोक्यावर ड्रोन उडवला किंवा 'जरा उतरून बघू' म्हणून होडी टेकवली की आईबाप उडतात आणि ते अंडं वैशाखातल्या उन्हात तापत पडतं. कावळा, घार टपलेली असतेच. रीलला लाइक मिळतात. त्या जोडीचा हंगाम संपतो. होडी लांब ठेवायला सांगणारा माणूस बहुतेक वेळा तांडेल असतो, आणि 'काका, अजून थोडं जवळ घ्या ना' म्हणणारे आपण.

भाषेचंही बोलूया. 'लाइफर', 'पेलॅजिक', 'चमिंग' हे शब्द मीही वापरते, माझी तक्रार शब्दांशी नाही. तक्रार एकतर्फी वाहतुकीशी आहे. मारुती चितमपल्लींनी 'पक्षिकोश' लिहिताना पक्ष्यांची लोकांच्या तोंडची नावं टिपली. कोकणात समुद्री गरुडाला काकण म्हणतात, हे तिथल्या माणसाला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. अशी किती नावं, किती खुणा होडीवर आजही बोलल्या जातात आणि आपण हेडफोन काढत नाही म्हणून ऐकू येत नाहीत? आपले अहवाल इंग्रजीत, पीडीएफमध्ये, शहरातल्या सभागृहात. ज्या बंदरातून निघालो तिथल्या सोसायटीच्या भिंतीवर एक मराठी कागद चिकटवायला किती वेळ लागतो?

म्हणून पुढच्या चैत्रात ट्रिपचे पैसे भरण्याआधी आयोजकांना पाच गोष्टी विचारा. तांडेलाचं नाव अहवालात असणार का? अर्थात, त्यांची हरकत नसेल तर. त्यांना डिझेल आणि भाड्यापलीकडे वाटाड्याचा मोबदला मिळणार का? वीण चालू असलेल्या खडकांपासून होडी किती लांब राहणार, आणि ड्रोन घरी राहणार का? पाण्यात दिसलेलं प्लॅस्टिक, तुटकी जाळी, दिव्यांच्या बोटी यांची नोंद होणार का? आणि परतल्यावर बंदरावर बसून, त्यांच्या भाषेत, काय दिसलं ते सांगणार का?

उत्तर 'नाही' असेल तर पैसे भरू नका. आठ-दहा जणांनी पाठ फिरवली की कुठल्याही आयोजकाला हिशेब कळतो. आणि यादीतला पक्षी कुठे पळून जात नाही, असं कुणी म्हणालं तर सांगा, तो जातोय. कुठे आणि का, हे बंदरावरच्या माणसाला आपल्याआधी कळलंय. त्याच्या शेजारी जाऊन बसा.