मनोरा लाकडाचा, काळजी कोणाची?

रानडुकरांपासून भात राखण्यासाठी आमचा शेतकरी चार खांबांवर माळा बांधतो. हंगाम सरला की तो मोडतो आणि त्याचे कोणाला वाईटही वाटत नाही. अभयारण्यातील निरीक्षण मनोऱ्याची गोष्ट निराळी. त्याने वीस-पंचवीस पावसाळे काढावयाचे असतात आणि त्यावर शाळेची मुले निःशंक मनाने चढत असतात. हा फरक मनोरे बांधून घेणारांच्या ध्यानात पुरेसा आलेला नाही, असे आम्हांस वाटते.

चोडणच्या खारफुटीत १९८८ साली डॉ. सलीम अली यांच्या नावाने पक्षी अभयारण्य झाले. अशा ठिकाणी मनोरा हवा, याविषयी दुमत नाही. आमचा कौल लाकडाला आहे, आणि तो केवळ शोभेसाठी नव्हे. खाऱ्या हवेत काँक्रीटच्या पोटातील लोखंड गंजून फुगते आणि खांब आतून फुटतो. ते बाहेर दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. लाकडाचा नासलेला भाग बहुधा हातोडीच्या ठोक्याने ओळखता येतो, आणि तेवढाच काढून नवा बसविता येतो.

परंतु लाकडी सांगाडा म्हणजे ठराविक नकाशावरून कोठेही उभी करावयाची वस्तू नव्हे. खांब जमिनीत पुरला की मातीलगतचा भाग प्रथम कुजतो. म्हणून आमच्या जुन्या घरांत खांब दगडी तळखड्यावर उभा असे. मनोऱ्याला मात्र तेवढे पुरत नाही. वारा त्याला नुसता ढकलीत नाही, तर उलथू पाहतो. म्हणून खांब पायाशी जखडावा लागतो, आणि तरीही बुडाशी पाणी साचता कामा नये. चौकटीला तिरके आधार नसतील तर ती पत्त्यांच्या घरासारखी कलते. खाच आणि कुसू यांचा जोड सैल असेल तर त्यात पाणी मुरते. लाकूड पुरते वाळलेले नसेल तर आज घट्ट बसलेला जोड उद्या आपोआप सैल होतो. जाणता सुतार सगळा सांगाडा आधी जमिनीवर जुळवून पाहतो, प्रत्येक जोडावर खुणा करतो, आणि मगच तो सुटा करून उभा करतो. या कामाला दिवस लागतात. सर्वांत कमी दराच्या निविदेत ते दिवस कोठे बसावयाचे?

पोलंडमधील ग्लिविट्से येथे लार्च लाकडाचा नभोवाणी मनोरा १९३५ साली उभा राहिला. उंची शंभर मीटरांहून अधिक. जोडांना पितळी बोल्ट वापरले आणि तो आजही उभा आहे. तेथील हवा आणि आमचा तीन हजार मिलिमीटरांचा पाऊस यांत अंतर आहे, हे खरे. परंतु सागवानात साधा लोखंडी बोल्ट ठोकला की गंज धरतो व भोवतालचे लाकूड काळे पडून खंगते, हे पाहण्यास पोलंडला जावयास नको. आमच्या कोणत्याही जुन्या दाराचा कोयंडा पाहावा.

लाकूड आणावयाचे कोठून, हा आक्षेप निघेल. तो योग्यच आहे. पक्षी पाहण्यासाठी झाडे तोडणे ही थट्टाच होईल, आणि १९८४ चा वृक्षसंरक्षणाचा कायदा त्याच्या आड येतो तेही बरेच. लागवडीचा साग किंवा वादळात पडलेली झाडे घ्यावीत. मे २०२१ मधील ‘तौक्ते’ वादळात गोमंतकात किती वृक्ष कोसळले ते वाचकांना आठवत असेल.

आमची मागणी मोठी नाही. नकाशा आखताना अभियंत्याशेजारी अनुभवी सुतार बसावा, आणि त्याचा मेहनताना अंदाजपत्रकात लिहिला जावा. एका वेळी किती माणसांनी चढावे याचा फलक पायथ्याशी लावावा आणि ती संख्या पाळण्यास माणूस नेमावा. पक्षी दिसला की सारे एकाच कठड्याकडे धावतात, याचा हिशेब त्या संख्येत असावा. दर वर्षी पाऊस ओसरल्यावर प्रत्येक जोड ठोकून पाहिल्याखेरीज जिन्याचे कुलूप उघडू नये. उद्घाटनाच्या खर्चाची तरतूद आम्ही नेहमी पाहतो. तेल, वाळवीचे औषध आणि चार बदलावयाच्या फळ्या यांची तरतूद आमच्या पाहण्यात क्वचितच येते.