साथ सरली, खिडक्या पुन्हा बंद

करोना हवेतून पसरत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २८ मार्च २०२० रोजी ठामपणे जाहीर केले होते. पुढे संघटनेला ही भूमिका टप्प्याटप्प्याने बदलावी लागली. वायुवीजन हा तोवर वास्तुविशारद आणि वातानुकूलन अभियंत्यांपुरता मर्यादित असलेला विषय घरोघरी चर्चिला जाऊ लागला, तो याच काळात.

त्याला कारणेही तशीच घडली. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील माउंट व्हर्नन येथे १० मार्च २०२० रोजी गायनवृंदाचा अडीच तासांचा सराव झाला. हजर असलेल्या ६१ जणांपैकी ५३ जण आजारी पडले, दोघे दगावले. चीनमधील ग्वांगझूच्या एका उपाहारगृहात शेजारच्या टेबलांवरील तीन कुटुंबांतील दहा जणांना लागण झाली. तेथे बाहेरची हवा जवळजवळ येतच नव्हती, एसी तीच हवा फिरवत होता. केवळ हात धुणे आणि अंतर राखणे पुरेसे नाही, हे यातून उघड झाले. जुलै २०२० मध्ये लिडिया मोरावस्का व डोनाल्ड मिल्टन यांच्या पुढाकाराने २३९ शास्त्रज्ञांनी खुल्या पत्राद्वारे तेच बजावले.

संशोधनाचे फलित २०२३ मध्ये दिसले. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने खोलीत तासाला किमान पाच वेळा शुद्ध हवा खेळावी, असे उद्दिष्ट सुचवले, तर ‘अ‍ॅश्रे’ या अभियंत्यांच्या संस्थेने संसर्ग रोखण्यासाठी स्वतंत्र मानक आणले.

भारतातही केंद्राच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने मे २०२१ मध्ये खिडक्या-दारे उघडी ठेवण्याचा सल्ला दिला होता. मात्र साथ ओसरली तशी ही चर्चाही ओसरली. वास्तविक मुंबईला हा धडा नवा नव्हता. मानखुर्दमधील लल्लूभाई कंपाउंड, गोवंडीतील नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींत दाटीने उभ्या इमारतींच्या खालच्या मजल्यांवर, जेथे ऊन-वारा पोहोचत नाही तेथे, क्षयरोगाचा धोका अधिक असल्याचे ‘डॉक्टर्स फॉर यू’च्या पाहणीने करोनापूर्वीच दाखवून दिले होते.

अशा घरांत खिडकी उघडूनही समोर भिंतच असते. त्यामुळे हा प्रश्न रहिवाशांच्या सवयीचा नसून दोन इमारतींमध्ये किती अंतर सोडायचे, या नियमाचा आहे. पुनर्वसनाच्या नव्या आराखड्यांना मंजुरी देताना त्याचा विसर पडला, तर करोनाने दिलेला धडा वाया गेला असेच म्हणावे लागेल.