प्रोत्साहन नेमकं कोणाला?

दहावीचा निकाल लागला की नागपूरजवळच्या कामठीत दोन भाषणं ऐकू येतात. पहिलं सत्काराच्या मांडवात: "मुलींनो, विज्ञानाकडे या, घाबरू नका." दुसरं मांडवाबाहेर, चहाच्या टपरीवर, जरा खालच्या आवाजात: "शिकवावं हो, पण पोरीले मशिनीत कायले घालता? बी.एस्सी. करू द्या, मग बी.एड. करू द्या." दोन्ही एकमेकांविरुद्ध वाटतात. मात्र दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरली आहे, की मुलीच्या मनातच काहीतरी उणं आहे. मांडवातला वक्ता ते भाषणानं भरून काढू पाहतो, टपरीवरचा ते निसर्गाचं देणं समजून सोडून देतो. माझा वाद दोघांशीही आहे.

आधी हे उणेपण खरंच आहे का ते पाहू. केंद्र सरकारच्या 2021-22 च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात विज्ञान शाखेतले विद्यार्थी होते 57.2 लाख. त्यांत मुली 29.8 लाख, मुलगे 27.4 लाख. मुलींना विज्ञान नको असतं, या म्हणण्याचा निकाल इथंच लागतो. आता दुसरं चित्र. 2016 साली आयआयटींमध्ये प्रवेश घेणाऱ्यांत मुली 8 टक्क्यांच्या आसपास होत्या. विज्ञानाच्या वर्गात निम्म्याहून अधिक असणारी मुलगी अभियांत्रिकीच्या दारात पोहोचेपर्यंत जाते कुठे? बी.एस्सी. आणि बी.टेक. यांच्यात अंतर आहे ते क्लासच्या फीचं, वसतिगृहाचं आणि रोजच्या प्रवासाचं. घरात एक मुलगा, एक मुलगी आणि पैसे एकाच्याच क्लासपुरते असतील, तर ते कोणावर लागतात हे कामठीत कोणाला सांगायला नको.

आयआयटींनी 2018 पासून मुलींसाठी अधिसंख्य जागा ठेवल्या आणि दोन वर्षांत प्रमाण 20 टक्क्यांपर्यंत नेलं. लगेच ओरड झाली की मुलांच्या जागा गेल्या. त्या जागा मूळ जागांच्या वर वाढवलेल्या होत्या, मुलांची एकही कमी झाली नाही. दोन वर्षांत मुलींचा मेंदू बदलला असं तर कोणी म्हणणार नाही ना?

विरुद्ध बाजूचा सगळ्यात सुशिक्षित मुद्दा असा: युरोपातल्या श्रीमंत, समतेच्या देशांतही मुली अभियांत्रिकीकडे कमी जातात, म्हणजे ही आवड जन्मजातच. मुद्दा ऐकायला भारी आहे. पण मग सोव्हिएत संघात अभियंत्या एवढ्या मोठ्या संख्येनं कशा झाल्या? आपल्याकडे विज्ञानात मुली पुढे कशा? जन्मजात गोष्ट देशाची सीमा ओलांडली की बदलत नाही. बदलतात ते पगार, रिवाज आणि घरचे हिशोब.

मुलींची वाट वेगळी, हा युक्तिवाद नवाही नाही. पुण्यात 1884 साली मुलींचं हायस्कूल निघालं, पुढे हुजूरपागा म्हणून नावाजलेलं. 1887 मध्ये 'मराठा' पत्रानं तिथल्या अभ्यासक्रमावर हल्ला चढवला. मुलींना पुढे घर सांभाळायचं असताना हे विषय कशाला, असा एकूण सूर. आगरकरांनी 'सुधारक'मधून उलट बाजू लावून धरली: मुलींना मुलांसारखंच शिक्षण द्या आणि एकत्र द्या. वादात आगरकर जिंकले असं आपण मानतो. पण रोहिणी गोडबोले याच हुजूरपागेत शिकल्या, आणि त्यांनीच सांगितलं आहे की सातवीपर्यंत तिथं मुलींना विज्ञानाऐवजी गृहविज्ञान होतं. म्हणजे टीकाकार हरले तरी त्यांचं वेळापत्रक टिकलं. त्यातून वाट काढत गोडबोले कणभौतिकीतल्या जगन्मान्य शास्त्रज्ञ झाल्या, हा त्यांचा पराक्रम. वेळापत्रकाला त्याचं श्रेय कोणी देऊ नये.

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींची गोष्टही अशीच. मुंबई विद्यापीठात पहिली आलेली ही मुलगी 1933 साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेली, तर सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून आधी नकार दिला, मग अटी घालून घेतलं. पुढे 1939 मध्ये तिनं केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. ही गोष्ट आपण शाळेत मुलींना प्रेरणा म्हणून सांगतो. सांगायला हवी ती संस्थाचालकांना. त्या गोष्टीत घाबरलेलं कोणी असेल, तर ते दाराच्या आतलं होतं.

आता कामठीच्या मातीकडे येतो, आणि इथं 'माती' हा शब्द मी अगदी शब्दशः वापरतो आहे. भारतातल्या भूविज्ञानाच्या पुस्तकांत 'कामठी शैलसमूह' असतो. गोंडवन काळातले हे तांबूस वालुकाश्म साधारण 25 कोटी वर्षांपूर्वीचे, त्यांत ग्लॉसोप्टेरिस या नामशेष वनस्पतीच्या पानांचे ठसे सापडतात. एकोणिसाव्या शतकात नागपुरातले मिशनरी स्टीफन हिस्लॉप या भागात खडक आणि जीवाश्म गोळा करत हिंडले. दगडाला आपल्या गावाचं नाव आहे, हे कामठीच्या किती मुलींना वर्गात सांगितलं जातं? त्याच गोंडवन खडकांच्या थरांत कोळसा. सिलेवाड्याला भूमिगत खाण, कामठीच्या नावाची खुली खाण, त्या कोळशावर उभी कोराडी आणि खापरखेड्याची वीज केंद्रं. दहा-पंधरा किलोमीटरांच्या टापूत एवढी अभियांत्रिकी महाराष्ट्रात फार ठिकाणी नाही.

आणि यातल्या खाणींच्या दारातून मुलीला कायद्यानंच बाहेर ठेवलं होतं. 1952 च्या खाण कायद्याचं 46 वं कलम: स्त्रीला जमिनीखाली काम नाही, आणि जमिनीवरही सकाळी सहा ते संध्याकाळी सात एवढंच. नव्वदच्या दशकात चंद्राणी प्रसाद वर्मा या मुलीनं खाण अभियांत्रिकीला प्रवेश मागितला, तो या कायद्याकडे बोट दाखवून नाकारला गेला. ती उच्च न्यायालयात गेली, परवानगी मिळवली, शिकली, आणि पुढे नागपुरातच खाण व इंधन संशोधन संस्थेच्या केंद्रात शास्त्रज्ञ झाली. तिला प्रोत्साहन कमी पडलं होतं काय? कलम सैल झालं ते थेट जानेवारी 2019 मध्ये. तेव्हा कुठे तांत्रिक आणि देखरेखीच्या कामासाठी स्त्रियांना दिवसा जमिनीखाली उतरता येऊ लागलं, आणि लेखी संमतीनं रात्री जमिनीवर काम करता येऊ लागलं. म्हणजे 67 वर्षं आपण दार लावून ठेवलं, आणि मुली येत नाहीत म्हणून त्यांच्या आवडीनिवडीचा अभ्यास करत बसलो.

टपरीवरच्या माणसाचा शेवटचा गड म्हणजे रात्रपाळी. "जग कसं आहे, माहीत आहे नं?" माहीत आहे. पण त्याच्याच शेजारची मुलगी नर्स म्हणून नागपूरच्या मेयोत किंवा मेडिकलला रात्रपाळी करते, त्याचा मोहल्ल्याला अभिमान असतो, आणि तो योग्यच आहे. मग रात्र चालते, फक्त वीज केंद्राचा नियंत्रण कक्ष चालत नाही, असं कसं? आणि यंत्राचंच म्हणाल, तर कामठीच्या विणकरांच्या घरी मागासाठी कांड्या भरणारे हात बायकांचेच. बिडीची मजुरी त्याच मोजून घेत आल्या. यंत्र आणि आकडा दोन्ही त्यांच्या ओळखीचे. त्याचा पगार आणि पद मात्र ओळखीचं नाही.

दलित चळवळीतले कार्यकर्ते बाबू हरदास यांनी शंभरेक वर्षांपूर्वी याच कामठीत रात्रशाळा काढली, आणि तिथं मुलीही शिकत. बिडी कामगारांच्या वस्तीत, दिवसाचे कष्ट संपल्यावर. त्यांनी शाळाच मुलींच्या सवडीला आणून बसवली. पुढचं काम त्याच जातीचं आहे. राज्य सरकारनं जुलै 2024 मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं, चांगलं झालं. पण लॅपटॉप, मेस आणि ऑटोचं भाडं त्यात येत नाही, आणि बरेचदा मुलगी अडते ती तिथंच. मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्यात ऑटोमोटिव्ह चौकापासून कन्हानपर्यंतचा मार्ग मंजूर आहे. तो पूर्ण झाला की कामठीची मुलगी थेट खापरीपर्यंत, मिहान औद्योगिक क्षेत्राच्या तोंडाशी, एका गाडीनं जाईल. त्या मार्गाचं काम रेंगाळलं तर ओरड कॉलेजांनी करायला हवी. अजून ती केवळ प्रवासी संघटनांची गोष्ट समजली जाते.

कोळसा खाणी चालवणारी वेकोलि आणि वीज केंद्रं चालवणारी महानिर्मिती यांनी दरवर्षी एक साधा आकडा जाहीर करावा: इथं शिकाऊ उमेदवार किती, त्यांत मुली किती, आणि प्रशिक्षण संपल्यावर त्यांतल्या टिकल्या किती. सत्काराचे कार्यक्रम जरा कमी झाले तरी चालतील. त्या पैशात नववीच्या मुलींची कोराडीला सहल काढावी, 660 मेगावॅटचा संच चालवणारा कक्ष दाखवावा. मात्र प्रत्येकीबरोबर तिच्या बापालाही न्यावं, आणि परतताना त्याच्या हातात एक पत्रक द्यावं, ज्यावर कनिष्ठ अभियंत्याचा पगार छापलेला असेल.